फोनमध्ये न मावलेला हात

डॉक्टर फोनवर येणार असले की मी सकाळीच अंघोळ करून इस्त्रीची साडी नेसत असे. केमोने केस गेले होते, म्हणून पदर डोक्यावरून घट्ट घ्यायचा, तोंडाला जराशी पावडर लावायची आणि खुर्चीत पाठ ताठ करून बसायचं. घरी मोठं माणूस येणार असेल तर आपण पारोसं बसत नाही, तसंच हे. या सवयीपायी मी मरता मरता राहिले. ज्यांच्या घरी डॉक्टर फोनमधून येतात त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

मी चौथी शिकले आहे. शुद्धलेखन माझ्या सुनेने, वृषालीने, तपासलं. मजकुराला मी तिला हात लावू दिला नाही. तिच्याबद्दल लिहिलेलं वाचून तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, पण खोडलं काही नाही.

ब्रेड पकोडा

गाठ अंघोळ करताना हाताला लागली. वृषालीला सांगितलं, तिने दुसऱ्याच दिवशी रजा काढून नेलं. सुया टोचल्या, फोटो काढले, एका यंत्रात छाती दाबली. त्यात काही सांगण्यासारखं नाही. ज्यांचं झालं आहे त्यांना माहीत आहे, ज्यांचं व्हायचं आहे त्यांना कळेलच.

रिपोर्टच्या दिवशी माझा मुलगा प्रमोद बरोबर होता. तो फरीदाबादच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं आणि मला बाहेर खुर्चीवर बसवलं. दाराला काच होती. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. थोड्या वेळाने त्याने चष्मा काढला. प्रमोद चष्मा फक्त झोपताना काढतो.

बाहेर आला तो सरळ कॅन्टीनमध्ये गेला आणि माझ्यासाठी ब्रेड पकोडा घेऊन आला. हा मुलगा मला बाहेरचं पाणीसुद्धा पिऊ देत नाही.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"गाठ आहे. काढून टाकू म्हणतात."

"कॅन्सर आहे?"

"आई, हळू बोल ना."

"का? इथे बसलेल्या बाकीच्यांना काय सर्दी झाली आहे?"

शेजारच्या सरदारणीला मराठी येत नव्हतं, पण कॅन्सर शब्द तिला कळला. तिने मान हलवली आणि मला तिच्या डब्यातलं लोणचं दिलं. पकोडा आम्ही दोघींनी संपवला.

ऑपरेशन आणि पुढे

उजवी बाजू काढली. काखेतल्या गाठीही काढल्या. नंतर केमो. हॉस्पिटल दिल्लीत, आम्ही फरीदाबादला. जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडायचा. केमोच्या खोलीत एका ओळीत खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीत एक बाई झोपलेली. नर्स सगळ्यांना माताजी म्हणायची, तिच्या वयाच्या मुलीलाही. मला उलट्या फार झाल्या नाहीत. तोंड आलं, पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. जे गेलं त्याचं मला एवढं वाटलं नाही. सत्तरी ओलांडल्यावर त्याचा काय उपयोग होता. फक्त झोपताना उजव्या कुशीवर वळता येईना.

माझे यजमान फौजेत हवालदार होते. लग्न झाल्यावर मी साताऱ्याकडून निघाले ती गावोगावच्या छावण्यांमधून फिरत शेवटी दिल्ली कॅन्टोन्मेंटला आले. ते रिटायर झाल्यावरही आम्ही इकडेच राहिलो. ते गेल्याला बरीच वर्षं झाली. हे सांगण्याचं कारण पुढे येईल.

नववा मजला

केमो संपले तेव्हा थंडी सुरू झाली होती. डॉक्टर म्हणाले, दिल्लीची हवा खराब आहे, यांच्यात ताकद नाही, थंडीभर बाहेर काढू नका. झालं. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. खिडक्या बंद, बाल्कनीचं दार बंद, खोलीत हवेचं यंत्र घूं घूं करत चालू. समोरचा टॉवर सकाळी दिसायचाच नाही, दुपारी जरा पिवळट दिसायचा. प्रमोद आणि वृषाली कामाला, नात आर्या कॉलेजला. जाताना वृषाली बाहेरून लॅच ओढून घ्यायची आणि सांगायची, "आई, बेल वाजली तरी उघडू नका. कोणीही खोकत येतं."

म्हणजे मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या घरात एकटी. बायका भेटायला येत नव्हत्या कारण त्यांना सांगितलं होतं येऊ नका. टीव्ही लावला की डोकं दुखायचं. मी स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत जायची आणि परत यायची. जेलमध्ये माणसाला निदान शेजारी असतात.

यात कोणाचा दोष काढता येत नाही, हीच तर अडचण होती. सगळे माझ्या भल्याचंच करत होते. भल्यासाठी कोंडलेल्या माणसाला ओरडताही येत नाही.

कोई तकलीफ?

हॉस्पिटलात न जाता फोनवर बोलू, ही कल्पना डॉक्टरांचीच. माणूस चांगला. तरुण, पंजाबी, बोलायला गोड. पहिल्यांदा मलाही बरं वाटलं, ते खोटं कशाला बोलू. तो गाडीतला प्रवास नाही, लिफ्टपुढची रांग नाही, फिनाइलचा वास नाही. प्रमोद कारखान्यातून तासाभराची सूट घेऊन यायचा, माझ्या शेजारी बसायचा आणि फोन माझ्या तोंडासमोर धरायचा. त्या एवढ्याशा चौकोनात डॉक्टर दिसायचे. मागे भिंत, हाताशी चहाचा कप.

"कैसी हैं माताजी?"

"ठीक हूँ साहब."

"भूख?"

"भूख अच्छी है डॉक्टर साहब," हे प्रमोद सांगायचा.

"नींद?"

"सोती हैं, दोपहर को भी सोती हैं," हेही प्रमोदच.

"और कोई तकलीफ?"

"नहीं साहब," हे मी.

हे शेवटचं उत्तर मला कोणी शिकवलं ते सांगते. छावणीत क्वार्टर तपासायला साहेब यायचे, कधी मेमसाहेब यायच्या. आदल्या दिवसापासून घर घासायचं, मुलांची नाकं पुसायची, धुतलेली साडी नेसून दारात उभं राहायचं. साहेब विचारायचे, कोई तकलीफ? उत्तर ठरलेलं. आमच्या शेजारी कोल्हापूरकडची नवी लग्न झालेली मुलगी होती. तिने सरळ सांगितलं, साहब, नल में पानी नहीं आता. साहेब हसले, हो म्हणाले, निघून गेले. संध्याकाळी तिच्या नवऱ्याला सुभेदाराने सगळ्यांसमोर झापला. नळ दुरुस्त झाला, पण ती मुलगी बरेच दिवस दारात दिसली नाही. पुढच्या वेळी तिनेही सांगितलं, सब ठीक है साहब. आम्ही सगळ्या बायका तेच सांगत आयुष्य काढून आलो.

डॉक्टर दिसले की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. साहेब विचारतो आहे, आपण धडधाकट दिसलं पाहिजे. त्यात प्रमोद शेजारी. फोन बंद झाला की म्हणायचा, "बघ, डॉक्टर किती खूश होते." वृषालीला तो कारखान्यात परत जाताना फोन करून सांगायचा, सगळं मस्त आहे. तीही खूश.

बाही

थंडी निम्मी झाली तसा उजवा हात जड व्हायला लागला. आधी संध्याकाळी सुजायचा, सकाळी उतरायचा. नंतर उतरेना. ब्लाउजची बाही दंडाला करकचायला लागली. मी सुईने बाहीची शिवण उसवली. मग दुसऱ्या ब्लाउजची. उसवलेली बाही दिसू नये म्हणून वर शाल घ्यायची. थंडीच होती, कोणाला वेगळं वाटलं नाही.

वृषालीला मी सांगितलं, हात जड वाटतो. ती संध्याकाळी सातला दमून आलेली. तिने बोटाने दाबून पाहिलं. म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते ना, या ऑपरेशननंतर सूज येते. व्यायाम करता का रोज?" करत होते, पण रोज नाही. मी शाल परत ओढून घेतली.

मग टाक्यांच्या जागेवर, काखेच्या खाली, कातडी लाल झाली. हात लावला तर गरम. आर्या एकटी घरात होती, तिला म्हटलं, काखेत आग होते आहे. ती म्हणाली, "आजी, काख म्हणजे?" दिल्लीत वाढलेली मुलगी. मी हात वर करून दाखवणार होते, तेवढ्यात तिची क्लासला जायची वेळ झाली. मी म्हटलं, काही नाही, जा.

डॉक्टरांचा फोन दुसऱ्या दिवशी होताच. म्हटलं, त्यांनाच सांगू.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी तयार झाले. निळी साडी, शाल, पावडर. आता वाटतं, लाल झालेली जागा दाखवायची ठरवून मी वर तीन कपडे चढवले, एवढी अक्कल. पण तेव्हा तसं वाटलं नाही. साहेबांसमोर जायचं म्हणजे जायचं.

प्रमोदने फोन धरला.

"वाह माताजी, आज तो आप बिल्कुल फिट लग रही हैं."

मी म्हटलं, "साहब, हाथ..."

"थोड़ी सूजन है डॉक्टर साहब," प्रमोद मध्येच बोलला. "एक्सरसाइज़ में आलस करती हैं."

डॉक्टर हसले. "माताजी, आलस नहीं चलेगा. सूजन तो थोड़ी रहती है. और कोई तकलीफ?"

प्रमोदने माझ्याकडे पाहिलं. तो वाईट नजरेने बघत नव्हता. कारखान्यात परत जायची घाई होती, एवढंच. फोन त्याच्या हातात होता. माझी छाती आणि डॉक्टर यांच्या मध्ये माझा मुलगा बसला होता. त्याच्यासमोर मी काय सांगणार? जागा कुठली ते सांगितलं की तो म्हणणार दाखव. त्याला मी नाही दाखवणार. तो मी पाजलेला मुलगा आहे, पण आता पन्नाशीचा आहे.

मी म्हटलं, "नहीं साहब."

डॉक्टर म्हणाले, बहुत बढ़िया, अब ठंड के बाद मिलेंगे. चौकोन काळा झाला.

थरथर

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मला हुडहुडी भरली. दोन रजया घेतल्या तरी दात वाजत होते. हात आता खांद्यापासून बोटांपर्यंत लाल झाला होता. डॉक्टरांना फोन करावा म्हटलं तर माझा फोन बटणांचा. त्यात डॉक्टर नाहीत. माझा डॉक्टर माझ्या मुलाच्या खिशात, आणि मुलाचा फोन कारखान्याच्या गेटवर जमा. तिथे आत फोन नेऊ देत नाहीत.

वृषालीला लावला. उचलला नाही. परत लावला. मीटिंगमध्ये होती. दार उघडून शेजारी जावं म्हटलं तर पायात उभं राहायची ताकद नव्हती. मी पलंगाच्या कडेला बसले आणि हवेच्या यंत्राकडे बघत राहिले. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. हिरवा म्हणजे हवा स्वच्छ.

मनात आलं, आता मी मेले तर हे लोक म्हणतील, कालच डॉक्टरांनी बघितलं होतं, एकदम ठीक होती. आणि ते खोटं बोलत नसतील. याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

वृषालीचा फोन उलट आला. मी म्हटलं, "ये." तिने कारण विचारलं नाही. माझा आवाज ऐकून निघाली.

आली ती पर्स खांद्याला तशीच ठेवून माझ्याजवळ आली. मी शाल काढली, ब्लाउजचे हूक काढले. तिने पाहिलं आणि पलंगावर बसली.

"आई, हे कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"अहो, सांगितलं का नाही? कालच तर डॉक्टर होते."

"कोणाला सांगू? तुझ्या नवऱ्यासमोर पदर काढू?"

ती उठून माझी चप्पल शोधायला लागली.

वॉर्ड

इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. हाताला सलाइन, नाकाला नळी. पहिल्या दिवसातलं मला फार आठवत नाही. वृषाली रात्री तिथेच खुर्चीवर बसायची. तिने माझी पाठ पुसली, भांडं दिलं, आणि एकदाही टोचून बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर बोलले असते.

शुद्धीवर आले तेव्हा शेजारच्या पलंगावरची बाई मोठ्या आवाजात भजन लावून झोपली होती. वॉर्डात माणसांचा वास होता, ट्रॉलीचा खडखडाट होता, चहावाल्याची आरोळी होती. नवव्या मजल्यानंतर मला ते इतकं बरं वाटलं की मी वृषालीला म्हटलं, भजन बंद करायला सांगू नकोस.

मग डॉक्टर आले. फोनमध्ये दिसायचे त्यापेक्षा बुटके निघाले. त्यांनी माझ्या दंडावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. ते खळग्याकडे बघत राहिले.

"माताजी, अभी तो बात हुई थी. आप तो एकदम बढ़िया थीं."

"साड़ी बढ़िया थी साहब."

त्यांना हसावं की नाही कळेना. स्टूल ओढून बसले. म्हणाले, हॉस्पिटलने सगळ्या डॉक्टरांना विचारलं होतं, फोनवर पेशंट तपासून तुमचं समाधान होतं का. "मैंने कहा, बिल्कुल होता है. सच बताऊँ, आपका ही चेहरा सामने था. सोचा, ये माताजी घर में आराम से बैठी हैं, बन-ठन के, हँस के बात करती हैं. इससे अच्छा क्या होगा."

"संतुष्ट तो सब थे साहब. बेटा भी, बहू भी."

"और आप?"

मी विचार केला. म्हटलं, "मुझे किसी ने पूछा नहीं. पूछते तो मैं भी बोलती, ठीक है."

प्रमोद पायाशी उभा होता. त्याने चष्मा काढला आणि शर्टाला पुसत राहिला. मी त्याला म्हटलं, "अरे, चहा घेऊन ये सगळ्यांना." माणसाला काहीतरी काम दिलेलं बरं.

डॉक्टर उठताना म्हणाले, "गलती मेरी भी है. मुझे शॉल उतरवानी चाहिए थी." मी म्हटलं, निम्मीच. निम्मी माझी.

आता

मी वाचले. हात वाचला, पण पहिल्यासारखा झाला नाही. बोटांपासून खांद्यापर्यंत घट्ट पट्टी बांधावी लागते. हे लिहितानाही मधूनमधून हात उशीवर ठेवावा लागतो. डॉक्टर म्हणतात, सूज थोडी आयुष्यभर राहील. माझं आयुष्य तरी किती राहिलं आहे, चालेल.

फोन बंद केला नाही. दर वेळी दिल्लीला जाणं होत नाही, ते खरंच आहे, आणि हिवाळा परत आला आहे. खिडक्या परत बंद आहेत. मी परत स्वयंपाकघर ते खिडकी करते. ते काही बदललेलं नाही, आणि बदलेल असं मी कोणाला सांगणार नाही. पण बाहेरून लॅच आता ओढत नाहीत. आणि मला एक मोठा फोन घेऊन दिला आहे, त्यात डॉक्टर आहेत. लावायचा कसा ते आर्याने शिकवलं. शिकवताना ती तीनदा वैतागली, मी चारदा.

डॉक्टरांच्या दिवशी मी अंघोळ करते, पण साडी नेसत नाही. गाऊन घालते, पुढून बटणांचा. डोकं उघडं. केस आले आहेत, उंदराच्या अंगावर असतात तेवढे. फोन डाळीच्या डब्याला टेकवून खिडकीच्या उजेडात ठेवते. प्रमोद फोन लावून देतो आणि बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतो, भले बाहेर धूर असो. वृषाली घरी असली तर जवळ बसते आणि ती मध्ये बोलत नाही. आधी मी हात दाखवते, मग काखेखालची जागा. मगच बोलायचं. ज्या बायका हे वाचत आहेत त्यांनी एवढं एक करावं. आधी जे दुखतं ते फोनसमोर धरा, तोंड नंतर. तोंड खोटं बोलतं.

डॉक्टरांना आता माझ्याबरोबर आराम वाटत नाही. चहाचा कप बाजूला ठेवतात. उठून दाखवा, हात वर करा, उजेडाकडे वळा, बोटाने दाबा, परत दाबा. कपाळाला आठी असते. पहिल्यासारखे वाह माताजी म्हणत नाहीत.

परवा घड्याळाकडे बघत म्हणाले, "माताजी, आजकल आप बहुत टाइम लेती हैं."

मी म्हटलं, "हाँ साहब. तकलीफ है."